हद्द निश्चित करा

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठ्या घडामोडींची नोंद त्या घडवणाऱ्यानेच ठेवलेली बरी. मागाहून लोक काहीही सांगतात.

मालकीणबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. कंपनीत नवं सॉफ्टवेअर येतंय. आपल्या दोन शाखा, पूर्व आणि पश्चिम, त्यांचे विभाग, अठ्ठावन्न माणसं आणि देखभालीच्या सहाशे चाळीस लिफ्ट, सगळं त्यात बसवायचं. कोण कोणाच्या हाताखाली, कुठली तक्रार कोणाकडे जाणार, मंजुरी कोण देणार, सगळं. एक एप्रिलला चालू. काम माझ्याकडे.

पुढे म्हणाल्या, पंधरा एप्रिलला मी कार्यप्रमुख नेमणार आहे. ज्याला ही कंपनी कळली आहे अशा माणसाला. आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या मागे खिडकी होती हे खरं, पण बघितलं माझ्याकडेच.

एकवीस वर्षं ऑफिस सांभाळतोय. लिफ्टला तेलपाणी मेकॅनिक करतात. कंपनी चालते फायलींवर.

घरी सांगितलं. बायको म्हणाली, छान झालं, आता बाथरूमचा दिवा तेवढा बदला.

५ मार्च, बुधवार

सॉफ्टवेअरवाला येऊन गेला. पोरगेलासा आहे, पण माझं ऐकून घेतो. स्क्रीनवर एक झाड असतं. प्रत्येक चौकटीला एक ‘पालक’ चौकट द्यावी लागते. फक्त सगळ्यात वरच्या चौकटीला पालक नसतो.

वर कोणाला ठेवू विचारत होता. सहसा मालकांना ठेवतात म्हणाला. मी म्हटलं, त्या कामात असतात, तूर्त मला ठेव. म्हणाला, मागाहून काढायला फार त्रास होतो. मी म्हटलं, काढायचं कोणाला आहे?

वर माझं नाव चढलं. हिरवा ठिपकाही आला. बराच वेळ बघत बसलो.

७ मार्च, शुक्रवार

हवेत झाड लावणाऱ्यातला मी नाही. सगळ्यांना फॉर्म वाटले. एकच प्रश्न: ‘काम अडलं की आपण कोणाकडे जाता?’ उत्तरांवरून रचना आपोआप उभी राहील. असं काही कोणाला सुचलं नसतं.

११ मार्च, मंगळवार

लोकांना साधा फॉर्म भरता येत नाही.

एकोणसाठ फॉर्म आले. एक जास्तीचा कुठून आला देव जाणे. पन्नास जणांनी लिहिलंय ‘ताई’. सहा जणांनी ‘टेलिफोनवर विचारतो’, म्हणजे पुन्हा तेच. दोन कोरे. एकाने ‘देवाकडे’. हा लांबू असणार. पश्चिम शाखेचा मेकॅनिक, सहा फूट दोन इंच, गांभीर्य शून्य.

ताई म्हणजे आमची टेलिफोनबाई. दारातल्या टेबलाशी बसते, फोन उचलते. तिला ना शाखा, ना विभाग, ना डिग्री. प्रश्न वरिष्ठांबद्दल होता, फोन कोण उचलतं याबद्दल नव्हता.

सगळे फॉर्म लाल पेनाने ‘गांभीर्याने भरावा’ असं लिहून परत ठेवले, ज्याने त्याने आपापला ओळखून न्यावा. एक हिरव्या शाईतला होता, अक्षर फार वळणदार. त्याच्यावर जरा कडकच लिहिलं. सुशिक्षित माणसाने तरी असं करू नये.

१२ मार्च, बुधवार

एकही फॉर्म परत आला नाही. सगळ्यांच्या उत्तराच्या जागी माझंच नाव भरून टाकलं. वेळ वाचला.

१४ मार्च, शुक्रवार

टेलिफोनबाईचा प्रश्न मार्गी लावला. आता फोन यंत्रच उचलणार. पूर्व शाखेसाठी एक दाबा, पश्चिमेसाठी दोन. त्यासाठी माझा आवाज रेकॉर्ड केला. सात वेळा करावा लागला, कारण सहा वेळा मी समाधानी नव्हतो.

मग बाईंना कुठे बसवायचं? सॉफ्टवेअरमध्ये ‘इतर’ नावाचा एक विभाग आधीपासूनच असतो. तिथे घातलं. तिसऱ्या मजल्यावर जुन्या तक्रारींच्या वह्या पडल्या आहेत, त्यांना लेबलं लावायची.

त्यांना समजावून सांगितलं. म्हणाल्या, बरं. मग विचारलं, पण कोणी अडकलं आणि फोन आला तर? मी शांतपणे सांगितलं, फोन नियमाने जाईल. परत म्हणाल्या, बरं. बदल किती समजूतदारपणे स्वीकारला. मुद्दाम नोंद करून ठेवतो.

१८ मार्च, मंगळवार

आजवर आपल्याकडे शाखांना हद्दच नव्हती! जो मेकॅनिक जवळ असेल तो जायचा. पूर्वेचा पश्चिमेत, पश्चिमेचा पूर्वेत. एकवीस वर्षं आपण अंधारात होतो.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मोठ्या रस्त्याच्या मधोमध रेघ मारली. सम नंबरच्या इमारती पूर्वेच्या, विषम पश्चिमेच्या. माझ्या मंजुरीशिवाय कोणी रेघ ओलांडायची नाही. सॉफ्टवेअरमध्येच कुलूप घातलं.

दोन्ही शाखाप्रमुखांना बोलावलं. पूर्ववाला कुरकुऱ्या. त्याने विचारलं, दोन गेटांच्या इमारती असतात, पुढचा नंबर विषम, मागचा सम, त्यांचं काय? मी म्हटलं, तो अपवाद, आणि अपवाद आला की बघू. पश्चिमवाला नकाशाकडे बघत राहिला. प्रभावित झाला असावा.

२२ मार्च, शनिवार

शिस्त घरापासून. जेवणाच्या टेबलावर घराची रचना मांडली. स्वयंपाक विभाग: बायको. अण्णा, म्हणजे माझे वडील, वय अठ्ठ्याहत्तर: सल्लागार. सर्वसाधारण देखरेख: मी.

बायकोने विचारलं, वाळत घातलेले कपडे काढणं कुठल्या विभागात येतं? सांगितलं, विचाराधीन आहे. पाऊस आला. कपडे भिजले. रचना पूर्ण लागू झालेली नसताना तिच्यावर ठपका ठेवणं बरोबर नाही, हे मी सांगितलं. बायको म्हणाली, बाथरूम कुठल्या विभागात आहे तेही ठरवा, अंधारात आंघोळ होत नाही.

अण्णा हसत होते. दहाव्या तारखेला त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं आहे. मी नेणार म्हणून सांगितलं.

२८ मार्च, शुक्रवार

सॉफ्टवेअरवाला मागे लागलाय की आठवडाभर चाचणी घ्या, खोट्या तक्रारी टाकून बघा. मी म्हटलं, आम्ही लिफ्टवाले, खोट्या तक्रारींना वेळ नाही. तो म्हणाला, मग ‘चाचणी नको’ असं लिहून द्या. दिलं. मालकीणबाईंनीही खाली सही केली, हिरव्या शाईत. छान वळणदार अक्षर आहे. कुठेतरी पाहिल्यासारखं वाटलं.

१ एप्रिल, मंगळवार

चालू झालं! नऊ वाजता बटण दाबलं. छोटं भाषण केलं. तारखेवरून लांबूने काहीतरी विनोद केला, लोक हसले. मी पण हसलो. कार्यप्रमुखाला हसता आलं पाहिजे.

२ एप्रिल, बुधवार

पहिल्या दिवसात शहात्तर विनंत्या मंजुरीसाठी माझ्याकडे! म्हणजे माझ्यावाचून आजवर या कंपनीत शहात्तर गोष्टी रोज परस्पर होत होत्या. अंगावर काटा आला.

४ एप्रिल, शुक्रवार

मंजुरीसाठी थांबलेल्या: दोनशे बारा. शिडी हवी. ग्रीस संपलं. दरवाजा उघडायची तिकोनी किल्ली कोणाकडे आहे? मला काय माहीत, किल्ली तिकोनी असते हेच आज कळलं. ‘तपशील द्या’ लिहून परत पाठवतो. परत पाठवलं की आकडा खाली येतो. ही युक्ती मीच शोधली.

गुरुवारच्या अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज केला. अण्णांसाठी. मी सर्वात वर असल्यामुळे अर्ज माझ्याकडेच आला. पूर्ण निष्पक्षपणे विचार केला. कामाचा ताण बघता नामंजूर केला. नियम सर्वांना सारखा.

बायकोच्या शाळेत परीक्षा आहेत, तिलाही सुट्टी नाही. अण्णा म्हणाले, मी जाईन एकटा, रिक्षा दारात सोडते आणि वर जायला लिफ्ट आहे, तुमच्याच कंपनीची. बायको माझ्याशी बोलत नाहीये. तिचा कामाचा ताण असेल.

७ एप्रिल, सोमवार

एक गोष्ट लक्षात आली. थांबलेल्या विनंत्या तीनशेच्या वर आहेत, तरी कामं होतायत. कशी?

जिन्यावर उभा राहिलो. दिवसभरात एकतीस माणसं तिसऱ्या मजल्यावर जाऊन आली. पूर्ववाला दोनदा. लांबू चारदा. जुन्या वह्यांत एवढं काय आहे? विचारलं तर एकजण म्हणाला, लेबलं छान लावलीत.

टेलिफोनबाई माझ्या रचनेला आतून वाळवी लावतायत. पंधरा तारीख आठ दिवसांवर. छाती धडधडते. चहा कमी करायचा.

८ एप्रिल, मंगळवार

तिसऱ्या मजल्याच्या दारावर सूचना लावली: ‘परवानगीशिवाय प्रवेश नाही.’ खाली माझी सही. आतला फोनही यंत्राला जोडून टाकला. बाईंचा मोबाइल टेबलाच्या खणात ठेवायला सांगितला. म्हणाल्या, बरं.

जिना रिकामा. ऑफिसमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. यालाच नियंत्रण म्हणतात.

९ एप्रिल, बुधवार

सात लिफ्ट बंद. त्या मंजुरीत आहेत.

१० एप्रिल, गुरुवार

सकाळी १०.३५. आज अपवाद आला. तक्रार: ‘लिफ्टमध्ये एक व्यक्ती अडकली आहे.’ कोपऱ्यावरची दोन गेटांची इमारत. पूर्ववाल्याने ‘हद्दीबाहेर’ लिहून ढकलली, पुढचं गेट विषम आहे म्हणे.

१०.४५. पश्चिमवाल्यानेही ‘हद्दीबाहेर’. लिफ्ट मागच्या गेटापाशी आहे, ते सम. दोघांचंही तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. यावरून माझी रेघ किती अचूक आहे ते दिसतं. दोघांना परत: ‘हद्द निश्चित करा.’

१०.५५. पुन्हा माझ्याकडे. लाल झालीय. फॉर्म अर्धवट, व्यक्तीचं वय भरलेलं नाही. परत.

११.१०. वय भरून आलं: ७८. बघा, लावून धरलं की लोक शिकतात. आता फक्त हद्द. परत.

११.२०. बायकोचा मोबाइलवर तिसरा फोन. ऑफिसच्या वेळात घरचे फोन घ्यायचे नाहीत हा माझाच नियम. पण शाळेत परीक्षा चालू असताना ती कशाला फोन करेल

दुपारी ४.१५. घरी.

अडकलेले अण्णा होते.

इमारतीच्या वॉचमनने अण्णांकडून नंबर विचारून बायकोला फोन केला. बंद दाराच्या फटीतून ओरडून नंबर सांगितला त्यांनी. बायको एवढंच म्हणाली, तुमच्या लिफ्टमध्ये अण्णा पाऊण तास अडकलेत आणि तुमचा फोन तुम्हीच उचलताय, म्हणजे तुमचा आवाज उचलतोय.

मी ‘मंजूर’ दाबलं. स्क्रीनवर आलं: ‘ही विनंती आपण परत पाठवली आहे. शाखेच्या उत्तराची वाट पहा.’ पुन्हा दाबलं. सहा वेळा दाबलं. पूर्व शाखेला फोन लावला. माझा आवाज म्हणाला, आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मी माझ्यावरच ओरडलो. त्याने मला एक दाबायला सांगितलं.

मग जिना चढलो. एका दमात तीन मजले. दारावर माझी सही असलेली सूचना होती, ती ढकलून आत गेलो. त्या खिडकीशी बसून एका वहीला लेबल लावत होत्या. मी एकवीस वर्षं त्यांना टेलिफोनबाई म्हणतो. आज तोंडातून निघालं, ताई. ताई, अण्णा अडकलेत.

त्यांनी एकच विचारलं, कुठे? सांगितलं. तोवर खण उघडून मोबाइल कानाला लावलाही होता. लांबूला. तो समोरच्याच इमारतीत तेल घालत होता, रस्त्याच्या पलीकडे, माझ्या रेघेपासून दहा पावलांवर. सकाळपासून. ताई त्याला म्हणाल्या, दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे असेल, त्या लिफ्टचं रबर तिथेच रुळाला चिकटतं, दार ओढू नकोस, वर मशीनपाशी जा, ब्रेक मोकळा कर आणि चाक हाताने फिरवून हळू खाली आण. वॉचमनला दाराशी उभं कर, आत वयस्कर माणूस आहे, त्यांच्याशी सतत बोलत राहायला सांग. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, तुम्ही निघा, जाताना पाण्याची बाटली घ्या.

तेराव्या मिनिटाला दार उघडलं. मी तिथे धापा टाकत पोचलो तेव्हा अण्णा दोन्ही हातांनी चपला छातीशी धरून आत जमिनीवर बसले होते. शर्ट घामाने भिजलेला. ओठ कोरडे. मला बघितलं आणि चेहरा उजळला. वॉचमनला म्हणाले, बघा, म्हटलं नव्हतं?

वॉचमनने मला बाजूला घेऊन सांगितलं, तास होत आला तरी आजोबा घाबरले नाहीत. दर थोड्या वेळाने आतून सांगायचे, काळजी करू नका, माझा मुलगा या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, त्याला कळलं की लगेच माणूस येईल.

मला कळलं होतं. पहिल्यांदा दहा पस्तीसला कळलं होतं. तीनदा परत पाठवलं मी त्यांना.

फार लाज वाटली. आत्ताही वाटतेय.

११ एप्रिल, शुक्रवार

अण्णा बरे आहेत. पाय सुजलाय. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली.

ऑफिसात गेलो तर स्क्रीनवर दोन लाल खुणा. ‘नियमभंग: मेकॅनिकने मंजुरीशिवाय हद्द ओलांडली.’ ‘नियमभंग: इतर विभागातील कर्मचाऱ्याने कामाचे आदेश दिले.’ कारवाई काय, ते मी ठरवायचं. मालकीणबाईंना आपोआप प्रत गेलीय. मंगळवारी सगळ्यांसमोर विषय घेणार आहेत. दोघांच्या नोकरीवर येऊ शकतं.

सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला, ही नोंद पुसता येईल का? म्हणाला, चाचणीतली पुसता येते.

१३ एप्रिल, रविवार

मसुदा तयार केला: ‘मेकॅनिकला पाठवण्यास मी तोंडी मंजुरी दिली होती.’ एका वाक्यात सगळे सुटतात. ताई सुटतात, लांबू सुटतो. माझं कार्यप्रमुखपदही राहतं. आणि ते फारसं खोटंही नाही. मी तिथेच उभा होतो. मनातून मंजुरीच होती.

अण्णांनी विचारलं, त्या माणसाला कोणी पाठवलं रे, त्यांचा नंबर दे, आभार मानायचेत. दिला. बायको माझ्याकडे बघत होती. बाथरूमचा दिवा बदलला.

१५ एप्रिल, मंगळवार

मोठ्या टेबलाभोवती सगळे. मालकीणबाईंनी दोन्ही नोंदी वाचल्या. विचारलं, लांबूला परवानगी कोणी दिली?

मसुदा खिशात होता. लांबू छताकडे बघत होता. पूर्ववाला-पश्चिमवाला एकमेकांकडे. ताईंनी माझ्याकडे बघितलं आणि किंचित मान हलवली, म्हणजे, म्हणा तुम्ही दिली म्हणून, माझी हरकत नाही. ती मान हलली आणि माझा मसुदा संपला. रागावल्या असत्या तर मी बोलून गेलो असतो.

मी म्हटलं, कोणी दिली नाही. ताईंनी पाठवलं. मी तक्रार तीनदा परत पाठवली. एकदा तर माझ्याच बापाचं वय भरलेलं नाही म्हणून.

कोणी हसलं नाही. लांबूसुद्धा नाही.

मालकीणबाईंनी फाइलमधून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. हिरव्या शाईत लिहिलं होतं, ‘काम अडलं की ताई.’ त्यावर माझं लाल पेन: ‘जबाबदार व्यक्तीला हे शोभत नाही.’

कार्यप्रमुख ताई झाल्या. त्या म्हणाल्या, बरं. भिंतीवरची रेघ त्यांनी स्वतः ओल्या फडक्याने पुसली. पूर्ण गेली नाही, फिकट राहिली.

झाडात माझी जागा बदलताना सॉफ्टवेअरवाल्याने विचारलं, पालक म्हणून कोण? ताईंनी स्वतःचं नाव सांगितलं. मला काढू नका, असं त्यांनीच सांगितलं असं नंतर कळलं. फायली माझ्याकडेच राहतील. आणि रोज दहा ते बारा त्यांच्याशेजारी बसून फोन घ्यायचे, कंपनी कळेपर्यंत.

खालच्या पदावर नाही. हे प्रशिक्षण आहे.

१७ एप्रिल, गुरुवार

दारातल्या टेबलाशी दुसरा दिवस. यंत्र काढलं. दहा ते बारात बावीस फोन. प्रत्येक वेळी मी आधी माझं नाव आणि हुद्दा सांगितला. बावीसच्या बावीस जणांनी विचारलं, ताई आहेत का?

अकरा पन्नासला ओळखीचा आवाज आला. अण्णा. एकदम बरं वाटलं. सरसावून बसलो, म्हटलं, बोला अण्णा, काय काम आहे, मी बघतो.

अण्णा म्हणाले, अरे, तू का उचललास? ताईंना दे.

दिला.